लाटेवरचा 'स्वार'

मराठीत लाट आली की तिच्यामागून स्वार येतोच. निवडणुकीच्या लाटेवर उमेदवार स्वार होतात, लोकप्रियतेच्या लाटेवर नट. हवाई बेटांवरील सर्फिंगचे छायाचित्र छापायचे झाले, तर त्याखालीही 'लाटेवर स्वार' याखेरीज दुसरी ओळ आपल्या उपसंपादकांना सुचत नाही. हा शब्द घोड्यावरून आलेला आहे. स्वार म्हटला की लगाम आला, टाच आली आणि खाली दबलेले जनावरही आले. काही वर्षांपूर्वी ओआहू बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, वायमेआच्या छोट्या आखातासमोर, जानेवारीतले तीन दिवस नुसते बसून काढले. तेव्हापासून हा शब्द मला खटकतो.

तिथे बसलेल्याला बहुतेक वेळ काहीच दिसत नाही, हे आधी कबूल केले पाहिजे. लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे दहा-पंधरा माणसे आपापल्या फळीवर पाय सोडून बसलेली असतात, समुद्राकडे तोंड करून. दहा मिनिटे जातात, वीस जातात. मग क्षितिजाची रेघ एकाएकी जाड होते आणि किनाऱ्यावरची कुजबुज थांबते. चार-पाच प्रचंड लाटा ओळीने येतात. पण बहुतेक जण त्यांच्यावर चढायला नव्हे, तर त्या फुटण्याआधी पलीकडे निसटायला हात मारत असतात. एखादा वळतो, वेग घेतो आणि अगदी कड्यावरून मागे सरतो. एका तरुणावर मी दोन तास नजर ठेवली होती. एवढ्या वेळात तो दोनदा उभा राहिला. उरलेला सगळा वेळ त्याचे नकार मी पाहत होतो. आणि हे नकार पाहण्यासारखे असतात, असे माझे प्रामाणिक मत आहे.

छायाचित्रात हे येत नाही. त्यात उभा राहिलेला क्षण तेवढा येतो आणि त्यालाच आपण स्वारी म्हणतो.

मुळात ज्यावर स्वार व्हायचे, ती वस्तू तरी कुठे असते? हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकवर, अल्यूशियन बेटांच्या आसपास वादळे घोंगावतात. त्यांनी उठवलेली हालचाल हजारो किलोमीटर कापून दोन-तीन दिवसांनी ओआहूला पोचते. पाणी तिथल्या तिथे वरखाली होते. प्रवास करतो तो आकार. हवाईभोवती खंडांना असतो तसा उथळ समुद्रतळाचा रुंद पट्टा नाही, त्यामुळे ही लाट वाटेत फारशी न थकता थेट किनाऱ्यापाशी येऊन उभी राहते. तिच्या उतारावरून माणूस काही सेकंद खाली घसरतो. हवाईयन भाषेतला मूळ शब्द नेमका हेच सांगतो: 'हेए नालू'. हेए म्हणजे घसरणे, नालू म्हणजे लाट. शिवाय नालू हे क्रियापदही आहे आणि त्याचा अर्थ मनात घोळवणे, चिंतन करणे. मनात तरंग उठतात असे म्हणणाऱ्या मराठी माणसाला हे नाते समजावून सांगायला नको.

तिथल्या मोजमापातही हीच वृत्ती दिसते. लाटेच्या दर्शनी भिंतीची उंची चाळीस फूट असली, तर जुना हवाईकर तिला वीस फूट म्हणतो. आपल्याकडे अतिशयोक्ती हा अलंकार आहे. तिथे ऊनोक्ती हा शिष्टाचार.

यावर कोणी म्हणेल की हा शब्दांचा कीस झाला आणि हवाईयनांचे उगाच उदात्तीकरण झाले. दुसरा आक्षेप अर्धा खरा आहे. प्राचीन हवाईतही सर्फिंगवर पैजा लागत, काही जागा तर सरदारांसाठी राखीव असत. आजच्या स्पर्धांत प्रायोजक आहेत, कॅमेरे आहेत, विक्रमांची हाव आहे. पण म्हणूनच शब्द जपून वापरावा लागतो.

एडी आयकाउचे उदाहरण घ्या. ओआहूवर मोटारींच्या मागे 'एडी गेला असता' अशा अर्थाची इंग्रजी पट्टी दिसते, आणि प्रवासी ती बेदरकारपणाची घोषणा समजून विकत घेतात. एडी मोठ्या लाटांचा थोर सर्फर होता, हे खरेच. पण त्याची नोकरी वायमेआवर जीवरक्षकाची होती. इतरांना पाण्यात पाय घालवेना, तेव्हा तो जाई तो बुडणाऱ्यासाठी. मार्च 1978 मध्ये ताहितीकडे निघालेली 'होकुलेआ' ही पारंपरिक जोडनौका पहिल्याच रात्री उलटली. दुसऱ्या दिवशी मदत आणण्यासाठी एडी आपली फळी घेऊन लानाई बेटाच्या दिशेने गेला. बाकीचे खलाशी वाचले. एकतीस वर्षांचा एडी पुन्हा कुणाला दिसला नाही. या माणसाला 'स्वार' म्हणून पाहा, म्हणजे तो शब्द किती तोकडा आहे ते कळेल.

त्याच्या नावाची स्पर्धा वायमेआला होते, तीही समुद्राने मनावर घेतले तरच. लाटा पुरेशा उंच नसतील तर तो हिवाळा तसाच जातो. 1980 च्या दशकात सुरू झालेली ही स्पर्धा 2024 अखेरपर्यंत जेमतेम दहा-अकरा वेळा झाली. 22 जानेवारी 2023 रोजी, सात वर्षांच्या खंडानंतर ती भरली आणि ल्यूक शेपर्डसन जिंकला. तो त्या दिवशी त्याच किनाऱ्यावर जीवरक्षक म्हणून कामावर होता. आपली पाळी आली की सुट्टी मागून पाण्यात उतरायचा, आणि लाटा घेऊन झाल्या की परत येऊन पहाऱ्याला बसायचा.