माकडांची साक्ष, माणसांचा निवाडा

उपनगरी गाडीच्या डब्यात एकाची शिंक किती जणांपर्यंत पोहोचते, हे अंधेरी-बोरिवलीच्या किंवा घाटकोपर-मुलुंडच्या प्रवाशाला सांगावयास नको. २०२१ साली याच उपनगरांतील नागरिक कोरोनावरील लशीसाठी रांगा लावून उभे होते. आपल्या आधी ही लस कोणत्या प्राण्यांना टोचली गेली, आणि त्यांच्यावरील निष्कर्षांवर किती विसंबावे, हा प्रश्न त्या धांदलीत मागे पडला. आता तो शांतपणे विचारला पाहिजे.

श्वसनरोगांच्या अभ्यासात प्राण्यांचे ऋण मोठे आहे, हे नाकारता येणार नाही. १९१८च्या जूनमध्ये इन्फ्लुएंझाची साथ मुंबईत शिरली, तेव्हा वैद्यकाला तिचे कारणही ठाऊक नव्हते. संशय एका जिवाणूवर होता. माणसातील फ्लूचा विषाणू प्रथम हाती लागला तो १९३३ साली इंग्लंडमध्ये, फेरेट नावाच्या मुंगसासारख्या प्राण्यामुळे. माणसाचा फ्लू त्याला होतो आणि तोही माणसासारखाच शिंकतो.

परंतु प्रत्येक प्राणी प्रत्येक रोगाच्या कामी येत नाही. साध्या उंदराला मूळ कोरोना विषाणूची बाधा होत नव्हती, कारण विषाणू ज्या प्रथिनाला चिकटून पेशीत शिरतो, ते उंदरात निराळे असते. हॅमस्टरला न्यूमोनिया होई. ऱ्हीसस माकडाला बाधा होई, पण आजार बहुधा सौम्य असे. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने २०२० साली अशा २० माकडांवर कोव्हॅक्सिनची परीक्षा घेतली. पाच-पाचांचे चार गट केले. तिघांना लशीचे निरनिराळे प्रकार दिले, चौथ्याला नुसती नक्कल टोचली. मग सर्वांना विषाणूची बाधा घडवली. लस मिळालेल्या माकडांच्या फुप्फुसांत न्यूमोनिया आढळला नाही.

निष्कर्ष उत्साहवर्धक होता, यात शंका नाही. पण ३ जानेवारी २०२१ रोजी औषध महानियंत्रकांनी या लशीच्या मर्यादित आपत्कालीन वापरास संमती जाहीर केली, तेव्हा तिच्या समर्थनार्थ प्राण्यांवरील याच प्रयोगांचा दाखला दिला गेला. सुमारे २५,८०० स्वयंसेवकांवरील तिसऱ्या टप्प्याची चाचणी तेव्हा चालूच होती आणि परिणामकारकतेचा आकडा हाती नव्हता. पुढे तो ७७.८ टक्के आला. निकाल अनुकूल लागला, हे सुदैव. त्यामुळे आधी संमती आणि मग पुरावा हा क्रम योग्य ठरत नाही.

साथीच्या काळात वाट पाहणेही प्राणघातक असते, असे यावर म्हटले जाईल. ते खरे आहे. म्हणूनच अपुऱ्या पुराव्यावर निर्णय घ्यावा लागला, तर पुरावा अपुरा आहे हे जनतेला स्पष्ट सांगणे अधिक अगत्याचे ठरते. या बाबतीत क्षयाचा धडा विसरता येत नाही. बीसीजी लस गिनिपिगांचे क्षयापासून रक्षण करी. तरीही तमिळनाडूतील चेंगलपट्टू जिल्ह्यात १९६८पासून झालेल्या प्रचंड चाचणीत प्रौढांच्या फुप्फुसांच्या क्षयावर तिचा उपयोग दिसला नाही. बालकांना मेंदूच्या क्षयापासून ती वाचवते, म्हणून ती आजही दिली जाते. गिनिपिगाने दिलेली साक्ष खोटी नव्हती. ती गिनिपिगापुरती होती.

प्राण्यांवरील प्रयोगांवर १९६०च्या कायद्याने बंधने घातली आहेत. २०२३च्या दुरुस्तीने मानवी पेशींपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या प्रतिकृतींनाही औषधचाचणीत स्थान दिले. ही पावले स्वागतार्ह आहेत. परंतु किती प्राणी वापरले, काय साधले आणि मुख्य म्हणजे काय फसले, याचा हिशेब सामान्य नागरिकाला त्याच्या भाषेत मिळाला पाहिजे. फसलेला प्रयोग दडपला, तर दुसरीकडे तोच पुन्हा होतो आणि प्राण्यांचे जीव अकारण जातात.

प्राण्यांच्या साक्षीने मानवी चाचणीचे दार उघडावे. निवाडा मात्र त्या चाचणीनेच द्यावा. लशीसाठी दंड पुढे करणाऱ्या नागरिकाला आपल्यापुढे साक्ष ठेवली आहे की निवाडा, हे कळण्याचा हक्क आहे.