गोड बनमधले मीठ

नागपुरात सदरच्या बाजारात हॉट डॉगच्या लांबट बनचे पाकीट सहज मिळते. मुलांच्या डब्यातही ते पोहोचले आहे. बन गोडसर लागतो, म्हणून त्यातल्या मिठाकडे कोणाचे लक्ष जात नाही.

पाकिटाच्या मागे 'प्रति 100 ग्रॅम 500 मिलिग्रॅम सोडियम' लिहिले असेल, तर 50 ग्रॅमच्या एका बनमधून 250 मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे सुमारे 0.6 ग्रॅम मीठ पोटात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला 2,000 मिलिग्रॅम सोडियमची मर्यादा सांगितली आहे. दोन बनमध्येच तिचा चौथा हिस्सा संपतो. सॉसेज, चीज, सॉसचे मीठ वेगळे. लहान मुलांची मर्यादा याहून कमी.

दुसरा प्रश्न तंतुमय पदार्थांचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या 2017 च्या तक्त्यांनुसार 100 ग्रॅम कणकेत ते सुमारे 11 ग्रॅम असतात. मैद्यात जेमतेम 3. 'ब्राऊन' नावावर भुलू नये, तो रंग कॅरॅमलनेही येतो. घटकांच्या यादीत सर्वाधिक प्रमाणातला पदार्थ आधी लिहावा लागतो. तिथे पहिले नाव 'रिफाइंड व्हीट फ्लोअर' असेल, तर तो मैदाच.

अधूनमधून बन खाण्यात गैर काही नाही. तो रोजचा डबा होऊ नये. मात्र सगळा भार ग्राहकावर टाकणेही बरे नव्हे. ही माहिती इंग्रजी किंवा हिंदीत, बारीक अक्षरांत छापली तरी नियमाला चालते. सोडियमचा आकडा पाकिटाच्या दर्शनी बाजूला, मराठीत आणि ठळक यायला हवा.