वेगाचें वेड आणि शिकाऱ्याचें काडतूस

रायफलीचें काडतूस घरीं स्वतःच्या हातानें भरण्याचा उद्योग अमेरिकेंत व दक्षिण आफ्रिकेंत असंख्य गृहस्थ आवडीनें करीत असतात. झाडलेल्या काडतुसाची पितळी पुंगळी टाकून न देतां साच्यांत दाबून पूर्वीच्या आकारास आणावयाची, तळाची निकामी टोपी काढून नवी बसवावयाची, दारू तराजूंत तोलून आंत घालावयाची आणि तोंडाशीं मनाजोगी गोळी घट्ट बसवावयाची, एवढीच ही क्रिया. या विषयावर इंग्रजींत विपुल वाङ्मय झालें आहे आणि त्यांतील फार मोठ्या भागाचा सूर एकच आहे : वेग वाढवा! कारखान्याच्या काडतुसाहून आपल्या गोळीनें सेकंदास शंभर फूट अधिक तोडले, कीं भरणारास कृतकृत्य वाटतें. हा सूर आम्हांस खोटा वाटतो. इतकेंच नव्हे, तर मोठ्या जनावराच्या शिकारीपुरता तो सरळ अधर्माचा आहे, असें आमचें मत आहे.

आमच्या देशांत १९७२ च्या कायद्यानें शिकारीचे दिवस संपविले. केनियानें १९७७ सालीं तेंच केलें. तें योग्यच झालें. परंतु टांझानिया, नामिबिया, दक्षिण आफ्रिका, अमेरिका इत्यादि देशांत शिकार आजहि कायदेशीर आहे. शिकार असावी कीं नसावी, हा वाद निराळा. ती जोंपर्यंत आहे, तोंपर्यंत जनावर एका क्षणांत मरावें, तें पोटांत गोळी घेऊन झाडींत कुजत पडूं नये, एवढें तरी शिकारीचे भक्त आणि निंदक या दोघांनींहि एकमुखानें मागितलें पाहिजे. वेगाचें वेड नेमकें याच मागणीच्या आड येतें.

प्रथम मध्यम जाडीची रायफल म्हणजे काय तें पाहूं. बर्लिनच्या ऑटो बॉक यानें १९०५ सालीं ९.३ मिलिमीटर जाडीच्या गोळीचें एक काडतूस काढलें. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या पेढीनें १९१२ सालीं ०.३७५ इंचाचें काढलें. हीं दोन या वर्गाचीं आदर्श उदाहरणें होत. हरणाला फार नाहीं व रानरेड्याला थोडें नाहीं, असा यांचा गुण. आफ्रिकेंतील कांहीं देशांत धोक्याच्या जनावरांसाठीं ०.३७५ इंच ही कायद्यानेंच किमान मर्यादा ठरविलेली आहे. या काडतुसाची नांवाजलेली गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारें साडेएकोणीस ग्रॅमची असून तिचा वेग सेकंदास सुमारें २५०० फूट असतो. शंभराहून अधिक वर्षे झालीं, तरी हें काडतूस निवृत्त झालेलें नाहीं. जड गोळी आणि बेताचा वेग, हेंच त्याच्या दीर्घायुष्याचें रहस्य. असें असतां नेमका हा बेतच मोडण्याची उमेद घरीं काडतुसें भरणारांच्या मनांत कां उत्पन्न व्हावी?

वेगपंथीयांचा पहिला आधार म्हणजे गणित. ऊर्जा ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. म्हणून, ते म्हणतात, वजनापेक्षां वेगाकडे पहा. गणित बरोबर आहे; त्यावरून काढलेलें अनुमान चुकीचें आहे. १५० ग्रेनची गोळी ३१०० फूट वेगानें सुटली आणि ३०० ग्रेनची २२०० फूट वेगानें सुटली, तर दोहोंची ऊर्जा जवळजवळ सारखीच, म्हणजे सुमारें ३२०० फूट-पौंड भरते. मग दोन्ही गोळ्या रानरेड्याच्या खांद्यावर सारख्याच कां? वजन आणि वेग यांचा साधा गुणाकार, ज्यास पदार्थविज्ञानांत संवेग म्हणतात, तो करून पहा. जड गोळीचा संवेग हलकीच्या सुमारें १.४ पट येतो. रुंद खांद्याचें हाड फोडून हृदयापर्यंत पोंचावयाचें काम संवेग, गोळीची लांबी आणि तिची बांधणी हीं तिन्हीं मिळून करतात. कागदावरची ऊर्जा कातड्याखालीं चार बोटांवरच उधळली गेली, तर तिचा हिशेब कोणी कोणास द्यावयाचा?

दुसरा आधार असा कीं, वेगवान गोळी सरळ जाते; लांबच्या नेमास ती कमी पडते. हें उघड्या डोंगरावरील मेंढ्याच्या शिकारीस लागू पडेल. परंतु रानरेड्यावर गोळी बहुधा १०० वारांच्या आंतून झाडली जाते आणि तेवढ्या अंतरांत या काडतुसांच्या मार्गांतील फरक नगण्य असतो. आणि अंतर अधिक असेल, तर तें पायांनीं कमी करणें हीच शिकाऱ्याची विद्या नव्हे काय? जी उणीव चालण्यानें भरून निघते, ती दारूनें भरून काढूं नये.

तिसरा आधार म्हणजे बेल. स्कॉटलंडच्या या विख्यात शिकाऱ्यानें एक हजाराहून अधिक हत्ती मारले, आणि त्यांतील पुष्कळसे केवळ ७ मिलिमीटरच्या बारीक रायफलीनें. तेव्हां जड गोळीचें स्तोम कशाला, असा सवाल वेगपंथी टाकतात. पण बेलची गोळी कोणती होती, हें सांगावयास ते विसरतात. ती १७३ ग्रेनची, आपल्या जाडीच्या मानानें अतिशय लांब, संपूर्ण धातूच्या कवचाची आणि सेकंदास सुमारें २३०० फूट इतक्या माफक वेगाची होती. हत्तीच्या मस्तकाची रचना त्या पुरुषानें कापून, पाहून अभ्यासिली होती. म्हणजे बेलचा दाखला लांब गोळीचा, बेताच्या वेगाचा आणि ज्ञानाचा आहे. तो वेगपंथाच्या बाजूनें उभा करणें म्हणजे साक्षीदाराचें अर्धें तोंड दाबून त्याची जबानी घेणें होय.

खरी साक्ष हवी असेल, तर ती अमेरिकेच्या जॉन नॉस्लर याची घ्यावी. १९४६ सालीं कॅनडांत मूस जातीच्या प्रचंड सांबरावर त्यानें आपल्या ०.३०० मॅग्नम रायफलीच्या वेगवान गोळ्या झाडल्या. त्या चिखलानें माखलेल्या कातड्यावर व खांद्यावर फुटून गेल्या; आंत पोंचल्या नाहींत. तो गृहस्थ घरीं परतला आणि त्यानें दारू वाढविली नाहीं. त्यानें गोळीच बदलली. तांब्याच्या कवचांत मध्यें एक आडवी भिंत ठेवून शिशाचे दोन भाग केले : पुढचा फुलून जखम रुंद करावा, मागचा अभंग राहून खोल जावा. १९४८ पासून ती गोळी विक्रीस आली आणि आजहि ती विकली जाते. घरीं काडतूस भरणारांच्या परंपरेंतील मोठी विजयकथा हीच. आणि तींत वेगाचा पराभव आहे, ही गोष्ट वेगपंथीयांनीं नीट ध्यानांत घ्यावी.

आतां वेगाची किंमत पाहूं. दारू वाढविली म्हणजे वेग थोडा वाढतो, पण पुंगळीतील दाब त्याहून पुष्कळच अधिक वाढतो. टोंकाशीं तर वेगाची चिमूटभर वाढ दाबाच्या मुठीनें विकत घ्यावी लागते. त्यांत आफ्रिकेचें ऊन. जुन्या इंग्रज कारखानदारांस हें पक्कें ठाऊक होतें. उष्णतेनें कॉर्डाइट दारूचा दाब चढतो, म्हणून ते उष्ण देशांसाठीं जाणूनबुजून बेताची भरती करीत. पितळी पुंगळी झाडतांक्षणीं फुगून नळीचें तोंड बंद करते आणि लगेच किंचित् आकसून मोकळी होते. दाब अति झाला, तर ती आकसत नाहीं, चिकटून बसते. थंड देशांतील चांदमारीच्या मैदानावर हसतखेळत चाचणी दिलेलें काडतूस दुपारच्या उन्हांत तापल्यावर असें अडकलें, समोर जखमी रानरेडा उभा आहे आणि रायफलीचा खटका उघडत नाहीं, अशा वेळीं मिळविलेले ते शंभर फूट कोणाच्या उपयोगी पडणार?

मग कारखान्याचींच काडतुसें घ्यावीं, असें आम्ही म्हणतों काय? मुळींच नाहीं. १९५६ सालीं अमेरिकेंत निघालेल्या ०.४५८ इंचाच्या काडतुसांत आखूड पुंगळींत दारू ठेचून भरावी लागे. तिचे कांहीं काळानें गठ्ठे होत, ती पुरती जळत नसे आणि गोळी जनावरास पुरेशी लागत नसे. कारखान्याचा शिक्का म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. म्हणूनच स्वतः भरण्यास आमचा मनःपूर्वक पाठिंबा आहे. प्रत्येक पुंगळी डोळ्यांखालून घालणें, प्रत्येक भरती तोलणें, रायफलीच्या धक्क्यानें सरकणार नाहीं अशी गोळी घट्ट बसविणें, मर्यादेच्या बरेंच खालीं थांबणें, प्रवासास निघण्यापूर्वीं प्रत्येक काडतूस रायफलींत घालून काढून पाहणें, हीं कामें कोणताहि कारखाना इतक्या ममतेनें करणार नाहीं. घरच्या भरतीचें भूषण हा भरवसा आहे. जो तिचा उपयोग केवळ आंकडा फुगविण्यासाठीं करतो, तो तिचें एकमेव भूषणच विकून टाकतो.

अर्धवट लागलेल्या गोळीचें फळ काय असतें, तें या देशास शिकवावयास नको. १९०७ सालीं जिम कॉर्बेट यानें कुमाऊंत चंपावतची वाघीण मारली. तिनें ४३६ माणसें खाल्लीं, असें त्याचें लेखन सांगतें. तिच्या उजव्या बाजूचे वरचा व खालचा असे दोन्ही सुळे पूर्वींच्या एका गोळीनें मोडलेले होते. तेणेंकरून आपलें नैसर्गिक भक्ष्य मारणें तिला अशक्य झालें, असें त्यानें लिहून ठेवलें आहे. तो चाप कोणी ओढला, हें कोणासहि कळलें नाहीं. गोळी किती वेगानें सुटली होती, हा प्रश्न तर त्या गांवकऱ्यांना शिवलाहि नसेल. ती जेथें लागावयास हवी तेथें लागली नाहीं, किंवा जेथवर जावयास हवी तेथवर गेली नाहीं, एवढेंच त्यांच्या वांट्यास आलें.

आमचें म्हणणें इतकेंच कीं, काडतूस भरणारानें तराजूपुढें बसतांना वेगमापकाचा आंकडा बाजूस ठेवून दोनच प्रश्न स्वतःस विचारावे : ही गोळी आंतपर्यंत पोंचेल काय? आणि ती चुकली, तर दुसरी निर्वेधपणें सुटेल काय? या दोहोंस ज्याला निःशंकपणें होकार देतां येत नाहीं, त्यानें रायफल खुंटीवरून काढूं नये.