बॅकचा हिशेब

दरवर्षीं शाळेचा फुटबॉल-संघ निवडावयाचा दिवस आला म्हणजे एक गोष्ट हमखास घडते. फॉरवर्डच्या जागेसाठीं वीस हात वर होतात, आणि बॅकच्या जागेवर कोणाला तरी हुकूम करूनच उभें करावें लागतें. हा मुलांचा दोष नव्हे. आम्हां मोठ्यांचा आहे. बक्षीससमारंभांत आम्ही गोल मोजतों. न झालेला गोल मोजण्याचें माप आमच्यापाशीं नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, ह्या न झालेल्या गोलांवरच ज्यानें वीस वर्षें पोट भरलें व कीर्तिही मिळविली, असा एक खेळाडू इटलींत होऊन गेला. फ्रांको बारेसी १९६० सालीं ब्रेशा शहराजवळच्या त्रावाल्यातो गांवीं जन्मला. मिलान शहरांतील इंटर संघानें त्याच्या वडील भावाला घेतलें व ह्याला नाकारलें. तेव्हां त्याच शहरांतील ए. सी. मिलान ह्या प्रतिस्पर्धी संघानें त्याला पदरीं घेतलें. कुमारवयांतच आईबापांचें छत्र हरपलें. १९७८ मध्यें तो पहिल्या संघांत आला. पुढें सामने ठरवून खेळल्याच्या प्रकरणांत, ज्याच्याशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता, १९८० सालीं संघ खालच्या वर्गांत ढकलला गेला. १९८२ सालीं खेळ बिघडून पुनः घसरला. अशा वेळीं धंदेवाईक खेळाडूनें दुसरें घर शोधलें तर त्याला कोणी नांवें ठेवीत नाहीं. बारेसी राहिला, आणि बाविसाव्या वर्षीं कर्णधार झाला.

तो कांहीं धिप्पाड नव्हता. उंची सुमारें पावणेसहा फूट. त्याचें सारें बळ आधीं ओळखण्यांत होतें. १९८७ मध्यें आरिगो साक्की हे मार्गदर्शक म्हणून आल्यावर मागची फळी एका ओळींत पुढें सरकूं लागली, आणि प्रतिपक्षाचा फॉरवर्ड वारंवार ऑफसाइड सांपडूं लागला. एकाचें पाऊल मागें राहिलें कीं सारा डाव फसावयाचा! तें पाऊल बारेसीच्या नजरेवर पडे. १९९३-९४ च्या हंगामांत ३४ लीग सामन्यांत ह्या संघावर अवघे १५ गोल झाले.

मग १९९४ ची विश्वचषक स्पर्धा आली. २३ जूनला नॉर्वेविरुद्ध गुडघा दुखावला, शस्त्रक्रिया झाली. आणि १७ जुलैला पासाडेना येथील अंतिम सामन्यांत हा गृहस्थ पुनः मैदानांत हजर! रोमारिओ व बेबेतो ह्यांच्यासारखे फॉरवर्ड असतांही ब्राझीलला एकशेंवीस मिनिटांत एकही गोल करतां आला नाहीं. शेवटीं पेनल्टीवर निकाल लावण्याची वेळ आली. इटलीची पहिली पेनल्टी त्यानेंच घेतली, व चेंडू गोलावरून गेला. मास्सारो आणि बाज्जो ह्यांच्याही हुकल्या, इटली हरली.

त्या दिवसाचें पुष्कळांस एवढेंच आठवतें. थकलेल्या कर्णधारानें पेनल्टी घ्यावी कीं नाहीं ह्यावर वाद होऊं शकेल; मीं तर त्याला थांबविलेंच असतें. परंतु त्या एका लाथेपुढें एकशेंवीस मिनिटें पुसून टाकणारा हिशेब मला खोटा वाटतो. त्याच्या संघाला तो कळला होता: १९९७ मध्यें, ७१९ सामन्यांनंतर, तो निवृत्त झाला तेव्हां ६ आंकड्याचा सदराही त्याच्याबरोबरच निवृत्त करण्यांत आला.

आमच्या बक्षीसमंडळास माझी एवढीच विनंति आहे, कीं यंदा आपल्यावर गोल न होतां संपलेले सामने मोजावे, व तो आंकडा गोलकीपर आणि दोन्ही बॅक ह्यांच्या नांवांसमोर फळ्यावर लिहावा. पेल्यासाठीं पैसे नसतील तर खडू मी देईन.