भुंग्यांची खतावणी

भुंगा म्हटला की आपल्याला एक तर कमळ आठवते, नाहीतर घराचा पोखरलेला वासा. वासा पोखरणारा तो काळा, तुकतुकीत पोटाचा भुंगा निराळा. ज्या बंबलबी माशीविषयी आज लिहायचे आहे, ती अंगभर लोकर पांघरल्यासारखी केसाळ असते. आपल्या देशात तिला पाहायचे तर हिमालयात जावे लागते.

अमेरिकेत ऑरेगनचे दक्षिण टोक आणि कॅलिफोर्नियाचा उत्तर भाग एवढ्याच पट्ट्यात तिची एक जात राहत असे. नाव फ्रँकलिन्स बंबलबी. पाठीवरचा पिवळा रंग पंखांच्या मागेपर्यंत उतरून मधल्या काळ्या ठिपक्याला नालेसारखा वेढतो आणि पोटावर पिवळा पट्टा नसतो, ही तिची खूण. ही खूण डोळ्यांत भरून घेऊन रॉबिन थॉर्प हे निवृत्त प्राध्यापक १९९८ पासून दर उन्हाळ्यात तिची मोजदाद करू लागले. पहिल्या वर्षी ९४ माश्या दिसल्या. पुढच्या वर्षी २०, मग ९, मग १. २००२ मध्ये पुन्हा २०, त्यानंतर ३. २००६ च्या ऑगस्टमध्ये माउंट ॲशलंडवर एक दिसली, ती शेवटची. जन्मभर खतावण्या तपासलेल्या माझ्यासारख्याला असे आकडे वाचताना पोटात खड्डा पडतो. बुडीत निघणारे खाते असेच दिसते. थॉर्प मात्र २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत तिला शोधत राहिले. सरकारने तिला संकटग्रस्त ठरवले ते २०२१ मध्ये!

टोमॅटोच्या हरितगृहांसाठी या माश्यांच्या वसाहती कारखान्यासारख्या वाढवू लागले, त्यांतून आतड्यातला एक सूक्ष्म परजीवी रानात पसरला असावा, असा थॉर्प यांचा तर्क होता. तो सिद्ध झालेला नाही. पण टोमॅटोलाच ही माशी का लागावी? टोमॅटो आणि वांग्याचे पराग सहजासहजी सुटत नाहीत. फूल कवटाळून माशीने अंग थरथरवले, की मिठाच्या बरणीतून मीठ सांडावे तसे ते सांडतात. मधमाशीला हे जमत नाही. आपल्याकडे वांग्याच्या वाफ्यात हे काम तो वासा पोखरणारा भुंगाच करतो, आणि पोटावर निळे पट्टे असलेली एक चपळ माशीही.

पण आपल्या लेखी सगळे भुंगेच! पक्षी मोजायला आपल्याकडे हौशी मंडळी पहाटे उठतात. माश्यांच्या वाट्याला हे भाग्य अजून आलेले नाही. मुलांना शाळेत परागीभवनाची आकृती काढायला लावतात. त्यापेक्षा एक दिवस वांग्याच्या वाफ्याशी बसवून, कोण आले आणि किती वेळा आले, एवढे वहीत टिपायला लावले तर काय बिघडेल?

परवा आमचे शेजारी म्हणाले, "यंदा परसात भुंगे कमीच दिसतात." मी मान डोलावली. गेल्या वर्षी किती होते, हे मात्र आम्हा दोघांनाही सांगता येईना.