मॉडेल कितीचं, हा प्रश्न अर्धाच आहे

जुनी गाडी घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, ‘मॉडेल कितीचं?’ समोरून ‘अठराचं’ असं उत्तर आलं की लगेच भावाची बोलणी सुरू होतात. पण कंपन्या गाडीतले मोठे बदल एक जानेवारीचा मुहूर्त धरून करत नाहीत. बदल मार्चमध्ये होतो, मेमध्ये होतो, नाहीतर कायद्याची मुदत संपत आली की होतो. म्हणून वर्षाबरोबर महिनाही विचारायला हवा, विशेषतः छोट्या एसयूव्ही घेताना. या गाड्यांतून सगळं कुटुंब घाट उतरतं.

मारुतीच्या विटारा ब्रेझाचंच पाहा. मार्च २०१६ मध्ये ती आली तेव्हा फक्त डिझेलवर मिळायची. इंजिन १.३ लिटरचं, मूळ फियाटचं, ९० पीएस ताकदीचं. फेब्रुवारी २०२० मध्ये १.५ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ लागू होणार होतं, त्यामुळे मारुतीने डिझेल बंदच केलं. जून २०२२ च्या अखेरीस पूर्ण नवी गाडी आली आणि नावातलं ‘विटारा’ गेलं. लोक मात्र या तिन्हींना ब्रेझाच म्हणतात.

माझ्या लेखी यातली सगळ्यात महत्त्वाची तारीख मे २०१८ ही आहे. त्या महिन्यात डिझेल ब्रेझाला ऑटोमॅटिक गिअरचा पर्याय मिळाला आणि जाहिरात त्याचीच झाली. त्याच वेळी दोन एअरबॅग, एबीएस आणि लहान मुलांची सीट बसवण्याचे आयसोफिक्स हुक सगळ्या व्हेरिएंटमध्ये आले, ही बातमी मागे पडली. त्याआधी खालच्या व्हेरिएंटमध्ये हे सगळं असेलच याची खात्री नव्हती. २०१८ मध्येच ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत ब्रेझाला मोठ्यांच्या सुरक्षेसाठी चार आणि मुलांच्या सुरक्षेसाठी दोन तारे मिळाले. चाचणीतल्या गाडीला दोन एअरबॅग होत्या. विक्रेता हेच चार तारे दाखवून २०१६ चं एकच एअरबॅग असलेलं खालचं व्हेरिएंट गळ्यात मारत असेल, तर ते तारे त्या गाडीचे नव्हेत.

हुंडाई क्रेटाचीही तीच गत. मार्च २०२० मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीच्या क्रेटाला ग्लोबल एनकॅपने २०२२ मध्ये तीन तारे दिले. सुरुवातीला सहा एअरबॅग वरच्या व्हेरिएंटपुरत्या होत्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये सहा एअरबॅग आणि गाडी घसरू लागली तर सावरणारी ईएससी प्रणाली सगळ्या क्रेटांना मिळाली. त्या बदलाच्या अलीकडची आणि पलीकडची गाडी शेजारी उभी केली तर बाहेरून फरक कळत नाही. बाजार दोघींनाही ‘तेवीसचं मॉडेल’ म्हणून एकाच रांगेत उभं करतो.

महिना कळतो आरसीवरून. पासिंगची तारीख वेगळी आणि गाडी कारखान्यात बनली तो महिना वेगळा. आरसीवर दोन्ही असतात. डिसेंबरात बनलेली गाडी शोरूममध्ये पडून राहते आणि मार्चमध्ये सवलतीत जाते. म्हणून बनावटीचा महिना वाचा आणि व्हेरिएंटचं पूर्ण नाव पाहा.

मग टायरजवळ बसा. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. ‘३४२१’ म्हणजे २०२१ चा चौतिसावा आठवडा. गाडी २०१८ ची, मीटरवर पंचवीस हजार किलोमीटर आणि चारही टायर २०२१ चे असतील, तर विक्रेत्याला थेट विचारा. एवढ्या कमी धावेत तीन वर्षांत टायरचा अख्खा संच का बदलावा लागला? समाधानकारक उत्तर आणि सर्व्हिसचे कागद मिळाले नाहीत, तर मीटर मागे फिरवला आहे असंच धरून चाला.

ब्रेझापैकी कुठली घ्यावी? महामार्गावरची धाव भरपूर असेल तर मे २०१८ नंतरचं डिझेल. ते बीएस-४ असल्याने बीएस-६ डिझेलमधली काजळीची गाळणी, म्हणजे डीपीएफ, तुंबण्याची कटकट त्यात नाही. मात्र दिल्ली पासिंगची गाडी असेल तर जपून. तिकडच्या दहा वर्षांच्या नियमामुळे अनेक डिझेल गाड्या आपल्याकडे विकायला येतात. एनओसी आणि इथला रोड टॅक्स यांचा हिशेब आधी करा, मगच भावाचं बोला.

शहरातल्या शहरात फिरणाऱ्यांनी २०२१ किंवा २०२२ च्या पहिल्या सहामाहीतलं पेट्रोल पाहावं. पिढी संपता संपता बनलेल्या गाडीतल्या सुरुवातीच्या तक्रारी बहुतेक निस्तरलेल्या असतात, आणि नवा चेहरा बाजारात आल्यामुळे जुन्याचा भाव उतरतो. खिसा परवानगी देत असेल तर जून २०२२ नंतरची घ्या. तिच्यात घसरण रोखणारी प्रणाली आहे आणि ऑटोमॅटिकला चारऐवजी सहा गिअर आहेत.

जुन्या बाजारात अलॉय व्हील, मोठा स्क्रीन आणि नवे सीट कव्हर दाखवून भाव चढवला जातो. या वस्तू नंतर कुठल्याही ॲक्सेसरीच्या दुकानात बसवून मिळतात. कारखान्यातून न आलेली एअरबॅग मात्र कुणीही नंतर बसवून देत नाही. म्हणून २०१८ च्या दोन ब्रेझा समोर असतील आणि त्यातली एक मेच्या आधीची, खालच्या व्हेरिएंटची, वीस हजारांनी स्वस्त असेल, तर वीस हजार जास्त मोजा आणि दुसरी घ्या.