तोफा उगाच बदनाम

दसरा जवळ आला की म्हैसुरात तोफांची तालीम सुरू होते. जंबू सवारीच्या, म्हणजे दसऱ्याच्या मिरवणुकीच्या दिवशी २१ तोफांची सलामी असते. त्या आवाजाला हत्ती-घोडे बुजू नयेत म्हणून त्यांना तो आधीपासून ऐकवतात. नेमकी याच दिवसांत कुवेंपुनगर म्हणा, सरस्वतीपुरम म्हणा, गोकुलम म्हणा, मांजरवाल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "तोफांचा धसका घेतला हो आमच्या मनीने. पोटावरचे केस गेले." खाजवते का, असं विचारलं की उत्तर तयार असतं : "छे, खाजवत नाही. नुसती चाटत बसते. आणि पिसवा कुठून होणार? ती तर उंबरासुद्धा ओलांडत नाही."

या उत्तरातलं एकही वाक्य मला पटत नाही.

आधी चाटण्याचं बघू. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या एकस्टाइन आणि हार्ट या संशोधकांनी निरोगी, अंगावर पिसवा नसलेल्या मांजरांच्या दिनक्रमाचा हिशेब २००० साली मांडला. मांजर दिवसाचा सुमारे ४ टक्के वेळ, म्हणजे जवळजवळ तासभर, अंग चाटतं. पायाने खाजवणं मात्र त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं, दिवसभरात जेमतेम मिनिटभर. झोपून उठल्यावर कानामागे दोन-चार झटके, पट्टा काढल्यावर मान खाजवणं, एवढंच. तुम्ही सहज मान वळवाल तेव्हा मांजर खाजवतानाच दिसत असेल तर ते ठीक नाही. पण खाजवत नाही म्हणून सगळं आलबेल आहे, असंही नाही. खाज सुटलेलं मांजर बहुतेक वेळा जिभेनेच काम भागवतं, आणि तेही रात्री किंवा पलंगाखाली, तुमच्या नजरेआड. पाहुणे मात्र कौतुक करतात, किती स्वच्छ आहे हो तुमचं मांजर!

जिभेवरच्या काट्यांनी केस मुळातून गळत नाहीत, मधेच तुटतात. पोटावरून किंवा मांड्यांवरून उलट्या दिशेने हात फिरवून पाहा. खुंट हाताला लागले तर केस चाटून तोडलेले आहेत. डॉक्टर चार केस सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून टोकं पाहतात आणि तेच सांगतात. उलटीत वारंवार केसांचे गोळे निघणं ही त्याचीच दुसरी खूण. (सोफा ओरबाडण्याचा याच्याशी काही संबंध नाही. नखांची जुनी टरफलं काढायची आणि जागेवर आपला वास लावायचा, हा मांजराचा धर्मच आहे. त्याला सुतळी गुंडाळलेला खांब द्या आणि विषय संपवा.)

आता तो उंबरा. म्हैसूरला सप्टेंबर-ऑक्टोबरात चांगला पाऊस होतो. हवा दमट आणि ऊबदार, पिसवांना हवी अगदी तशी. त्या जिन्यातल्या भटक्या मांजरांवरून, शेजारच्या कुत्र्यावरून, माळ्यावरच्या उंदरावरून येतात, कधी तुमच्या पायजम्याला लागूनही. शिवाय अंगावर दिसतात त्या मोठ्या पिसवा एकूण पसाऱ्याच्या ५ टक्केच असतात. अंडी, अळ्या आणि कोष सतरंजीत, सोफ्याच्या शिवणीत, फरशीच्या फटीत असतात. कोषातली पिसू महिनोन्‌महिने वाट पाहते आणि धक्का व ऊब मिळताच बाहेर पडते. सुट्टीत पुण्याला जाऊन आलेल्या कुटुंबाला बंद घर उघडताच पायांना चावे बसतात ते यामुळेच.

"पण एकही पिसू दिसली नाही" हाही पुरावा नव्हे. मांजर ती चाटून गिळतं. त्याच संशोधकांनी काही मांजरांच्या गळ्यात चाटता येणार नाही अशी कॉलर घातली, तर तीन आठवड्यांनी त्यांच्या अंगावर मोकळ्या मांजरांच्या दुप्पट पिसवा होत्या. पिसूच्या लाळेची ॲलर्जी असेल तर थोडे चावेही भारी पडतात. शेपटीच्या मुळाशी आणि मानेवर बोटांना खरखरीत लागणाऱ्या बारीक खपल्या शोधा. बारीक दातांच्या फणीने केस विंचरा, फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या कागदावर टाका. तांबूस डाग पसरला तर ते रक्त पचवलेल्या पिसवांची विष्ठा आहे.

तोफांचं काय मग? मांजराला ताण येतोच, ते मी नाकारत नाही. पण २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, मानसिक कारणाने केस चाटून काढतात असा संशय घेतलेली २१ मांजरं नीट तपासली, तेव्हा १६ जणांत शारीरिक कारणच निघालं. निव्वळ मनाचं दुखणं दोघांचं. तिघांत दोन्ही होतं. दसरा आणि पिसवांचा हंगाम एकाच वेळी येतो, म्हणजे कावळा बसायला आणि फांदी तुटायला एक गाठ. आधी पिसवा, बुरशी, अन्नाची ॲलर्जी तपासून बाद करा, मग मनाकडे वळा. अन्नाच्या चाचणीला आठेक आठवडे एकच ठरावीक खाणं द्यावं लागतं, पी हळद हो गोरी इथे चालत नाही. मधल्या काळात आजीने प्रेमाने घातलेला माशाचा तुकडा सगळी चाचणी मोडतो.

दोन गोष्टी मात्र वेगळ्या ओळखा. कानात कॉफीच्या चोथ्यासारखा मळ आणि सतत डोकं झटकणं म्हणजे बहुधा कानातले किडे. आणि नायट्याची बुरशी : तिला खाज कमी असते, कधी नसतेच. पर्शियन मांजरं वरून ठणठणीत दिसत ती बाळगतात. मुलाच्या हातावर गोल चट्टा उठला तर त्वचेच्या डॉक्टरांना घरात मांजर आहे हे सांगा.

उपचारांबद्दल माझं मत कडक आहे. कापूर, डेटॉल, फिनाईल यांतलं काही मांजराच्या अंगाला लावू नका, आणि फिनाईलने पुसलेल्या ओल्या फरशीवर त्याला चालूही देऊ नका. पंजे चाटले की ते पोटात जातं, आणि फिनॉलसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला नीट निकामी करता येत नाहीत. पिसवांचं औषध मांजरासाठीच बनवलेलं, वजन करून, डॉक्टरांना विचारून, सलग दोन-तीन महिने आणि घरातल्या प्रत्येक प्राण्याला द्या. अंथरुणं गरम पाण्यात धुवा. शेजाऱ्याकडे उरलेली कुत्र्याच्या औषधाची नळी मात्र कधीही उसनी आणू नका. तिच्यात पर्मेथ्रिन असू शकतं, आणि त्याने मांजराला झटके येऊन ते दगावू शकतं.